पन्हा किती?

सकाळी ५.५०
चौसाळ्यातली ही गल्ली अजून पूर्ण उजाडलेली नाही. धुळे-सोलापूर हायवेवरून ट्रक जातात त्यांचा आवाज तेवढा येतो. शिवणकाम करणाऱ्या काकूंनी घमेल्यात पाणी घेतलं, त्यात दहा मीटर पांढरं अस्तर बुडवलं आणि वरून हाताने दाबलं. अस्तर सुती आहे. न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि ब्लाउजच्या पाठीवर सुरकुत्या उभ्या राहतात. मग गिऱ्हाईक अस्तराला बोल लावत नाही, टेलरला लावतं.

मीटरमागे इंच-सव्वा इंच आटतं, असा काकूंचा हिशेब. दहा मीटरमागे फूटभर कापड पाण्यात जातं. पैसे मात्र दहा मीटरचेच, ४५ रुपये मीटरने.

आज नवरात्राची तिसरी माळ. पितृपक्षात कोणी नवं कापड घेत नाही, त्यामुळे पंधरा दिवस मशीन नुसती तेल पीत होती. आता सगळं गाव एकदम आलंय. काकूंचा नऊ दिवसांचा उपास आहे आणि पायांत चपला नाहीत. दुकानातल्या फरशीवर टाचणी पडली की आधी त्यांच्याच पायाला कळते.

सकाळी ८.३०
दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, भाडं महिन्याला १,५०० रुपये. दोन शिलाई मशीन. एकीला मोटर बसवलेली, दुसरी पायाची. कटिंगचं टेबल म्हणजे जुना दरवाजा, खाली विटा. वर सतरंजी, सतरंजीवर जुनी चादर ताणून टाके घातलेली. कात्र्या दोन. मोठी फक्त कापडाला. तिने कागद कापलेला काकूंना चालत नाही, मग समोर घरचं माणूस का असेना.

टेपच्या एका बाजूला साठ इंच, दुसऱ्या बाजूला दीडशे सेंटीमीटर. सेंटीमीटरची बाजू कोरी करकरीत आहे, इंचांची पुसत आलीय. मोजमापाचा कायदा १९५६ साली झाला आणि कापड दुकानातून वार गेला, मीटर आला. शिंप्याच्या हातातला इंच कुठे गेला नाही. त्यामुळे चौसाळ्यातलं प्रत्येक कापड मीटरने विकत घेतलं जातं आणि इंचाने कापलं जातं. मधला पूल काकूंच्या डोक्यात आहे: मीटर म्हणजे ३९ इंच. खरं तर ३९.३७, पण वरचा तुकडा त्या धरत नाहीत. दुकानदाराची कात्री कधी सरळ जात नाही, तो तिच्यात जातो.

मदतीला एक मुलगी येते. हातशिलाई, हूक, काज ही तिची कामं. ब्लाउजमागे १५ रुपये. आली, दप्तर काढावं तसा डबीतून सुई-दोरा काढला आणि बसली.

सकाळी ९.४०
फोन वाजला. काकूंनी स्पीकरवर टाकला, कारण हातात बॉबिन होती.

"काकू, मी दुकानात हाय. कुर्त्याला किती घेऊ?"

"पन्हा किती?"

"आं?"

"कापडाची रुंदी. दुकानदाराला विचार."

पलीकडे विचारपूस झाली. "चव्वेचाळीस म्हणत्यात."

काकूंनी वही उघडली. मागच्या वर्षीचं माप होतं. सीट ३६. "तेवढंच हाय का वाढलीस?"

थोडी शांतता. "वाढलं असंल थोडं. अडतीस धरा."

"मग सव्वादोन मीटर घे."

"सव्वादोन? दुकानदार म्हणतो दीड-पावणेदोनमध्ये होतंय."

"त्याला शिवायचं नाही. सव्वादोन घे."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, दोन इंच अंग वाढलं तर कापड एवढं कसं वाढलं? काकूंनी खडू घेतला आणि टेबलावरच्या चादरीवर दाखवलं. सीट ३६ असेल तर चौथा भाग ९. सैलपणाला एक इंच, शिवणीच्या मायेला एक. झाले ११. पुढचा भाग घडीवर कापायचा, म्हणजे रुंदी २२. मागचाही २२. दोन्ही मिळून ४४. पन्हा ४४. एकाशेजारी एक बरोबर बसले. लांबी ४२ आणि वर-खाली दुमडायला २, एकूण ४४ इंच. बाह्यांना आणखी १८. झाले ६२. एक मीटर साठ सेंटीमीटरमध्ये कुर्ता.

आता सीट ३८. चौथा भाग साडेनऊ. साडेअकरा झाले. दुप्पट २३. पुढचा-मागचा मिळून ४६. पन्हा ४४च. दोन इंच बाहेर. आता ते शेजारी बसतच नाहीत, एकाखाली एक घ्यावे लागतात. म्हणजे दोन लांब्या, ८८ इंच, सव्वादोन मीटर. बाह्या मग बाजूच्या पट्टीतून निघतात.

कापड १६० रुपये मीटर. दोन इंचांचे १०४ रुपये.

कापड अंगाबरोबर हळूहळू वाढत नाही. बराच वेळ वाढतच नाही, आणि एका इंचाला एकदम लांबीभर उडी मारतं. उडी कुठे आहे ते पन्हा ठरवतो. दुकानातला मुलगा सगळ्यांना एकच आकडा सांगतो, कारण त्याच्यासमोर उभं माणूस नसतं, नुसता रंग निवडणारा हात असतो. टेलरकडे आल्यावर अर्ध्या भांडणांचं मूळ तिथेच असतं.

"आणि उरलेलं कापड?"

"तिच्या धाकटीचा टॉप निघतो त्यातून. बहीण आहे तिला. म्हणून मी काही बोलले नाही."

सकाळी ११.१५
एक बाई आणि तिची आठ वर्षांची पोरगी. पोरीला अंब्रेला फ्रॉक पाहिजे, गोल फिरल्यावर फुलणारा. शाळेत गरबा आहे. बाईने पिशवीतून कापड काढलं. पिवळं, वर बारीक टिकल्या. दीड मीटर. १४० रुपयांनी २१०.

काकूंनी आधी काठाला काठ लावून पन्हा मोजला. ४४. मग पोरीला टेबलाजवळ उभं केलं. छाती २६. कंबर २४. कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत २०.

"बसंल का यात?" बाईने विचारलं.

काकू लगेच नाही म्हणाल्या नाहीत. फरशीवर वर्तमानपत्राची दोन पानं जोडून पसरली. खडूला दोरा बांधला. अंब्रेलाचा हिशेब वेगळा. कंबरेला सहाने भागायचं. चोवीस भागिले सहा, चार. मधलं भोक चार इंचांच्या त्रिज्येचं. त्यापुढे उंची २०, दुमडीला १. झाले २५. दोरा २५ इंचांवर धरून खडू फिरवला की वर्तुळ होतं. पण वर्तुळ दोन्हीकडे जातं, म्हणून आडवं ५० इंच. आणि पन्हा ४४.

"अठ्ठावन्नच्या पन्ह्याचं असतं तर एक मीटर साठमध्ये अख्खा फ्रॉक आला असता. यात पुरत नाही."

बाईचा चेहरा पडला. पोरगी कापड सोडायला तयार नाही. दुकानदार फाडलेलं कापड परत घेत नाही. त्याच ताग्यातलं आणखी घ्यायचं, तर दोन अर्धवर्तुळं जोडून नुसत्या घेराला १०० इंच लागतात, अडीच मीटरच्या वर. वरचा भाग आणखी निराळा. म्हणजे अजून किमान सव्वा मीटर, पावणेदोनशे रुपये. बाई काही बोलली नाही. पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत उभी राहिली.

काकू मात्र वर्तमानपत्राकडेच बघत होत्या. मग त्यांनी दोरा सोडला, बावीसवर धरला आणि दुसरं वर्तुळ काढलं.

"बघा. पन्हा चव्वेचाळीस, तर गोल चव्वेचाळीसचाच घेऊ. बावीसातून कंबरेचे चार गेले, दुमडीचा एक गेला. उंची राहिली सतरा. तीन इंच कमी पडतात. घरात जुनी काठापदराची साडी हाय का?"

"हाय की. हिरव्या काठाची. फाटलीय मधी."

"मधी फाटू द्या. काठ चांगला हाय ना?"

गोलाचा खालचा घेर १३२ इंच. साडीचा काठ साडेपाच मीटर, म्हणजे २१४-२१५ इंच. तो चुण्या घालून १३२ इंचांत बसवायचा. तीन इंचांची झालर झाली, पिवळ्यावर हिरवी. दीड मीटरचे ५९ इंच. त्यातून ४४ गोलाला गेले, खाली १५ इंचांची आडवी पट्टी उरली. तिच्यातून वरचा पुढचा भाग, मागचा भाग, शेजारी दोन छोट्या फुग्याच्या बाह्या. गोलाच्या चार कोपऱ्यांतून गळ्याची तिरकी पट्टी.

"मग पुरलं की!" बाई म्हणाली.

"पुरलं नाही. पुरवलं," काकू म्हणाल्या. "शिलाई २५० होईल. झालरीचं काम जास्त हाय."

बाईने २०० म्हटलं. २२० वर तुटलं. साडी दुपारी पाठवते म्हणाली.

मला विचाराल तर त्या तीस रुपयांपेक्षा जास्तीचं काम त्या वर्तमानपत्रावर झालं होतं. पण त्याचा दर पाटीवर लिहिलेला नाही. पाटीवर एवढंच आहे: साधा ब्लाउज १२०, अस्तराचा २२०, पिको-फॉल ७०, परकर ६०.

दुपारी १.०५
लाइट गेली. काकूंनी कोणाला काही विचारलं नाही. उठून दुसऱ्या मशीनवर बसल्या, चामड्याचा पट्टा चाकावर चढवला, अनवाणी पाय पायडलवर ठेवले. मोटरवर अस्तराचा ब्लाउज सव्वा तासात होतो, पायावर दीड तास लागतो. पाठीचं काय ते वेगळं.

तो ब्लाउज त्यांना काय देतो ते मुलगीच मला सांगत होती, सुई चालवता चालवता. २२० मधून अस्तराचे ४५. दोरा, हूक, गळ्याला कॅनव्हास यांचे १०. तिचे स्वतःचे १५. राहिले १५०. दिवसाला चार-पाच होतात. सणाला सात. आषाढात एखादा.

दोन वाजता भगर आणि शेंगदाण्याची आमटी. टेबलावर नाही, आमटीचा डाग निघत नाही. उंबऱ्यात बसून.

दुपारी २.४०
एक आजी आल्या. नऊवारी, कपाळाला बुक्का. हातात खण. त्यांना ब्लाउज नको, चोळी पाहिजे, पुढे गाठ मारायची. गावात अशा चोळ्या शिवणाऱ्या आता काकू आणि आणखी एक म्हातारे टेलर. आजींनी माप म्हणून जुनी चोळीच आणली होती. काकूंनी टेप लावलाच नाही. जुनी चोळी खणावर उलटी पसरली, वीत टाकली, चिमटीने खूण केली.

खणाचा पन्हा आखूड असतो, काठ दोन्हीकडून. चोळी त्या काठासाठीच बेतलेली असते. बाहीला काठ येतो, पाठीला अंग येतं, आणि कापून टाकण्यासारखं फारसं काही उरत नाही. कुर्त्याची गोष्ट उलटी. तिथे आधी नमुना येतो आणि कापडाने त्याच्या मागे धावायचं.

ओटीत येतात ते ब्लाउजपीस हा तिसराच प्रकार. प्रत्येक घरात ते पाच-पन्नास असतात. कोणी ७० सेंटीमीटर, कोणी ८०. छाती ३४ पर्यंत, अर्ध्या बाहीचं कसंबसं निघतं. पुढच्या अंगाच्या बाईला त्याचा उपयोग एकच, दुसऱ्या कोणाची तरी ओटी भरणं. चौसाळ्यात काही पीस न उलगडता दहा घरं फिरले असतील. काकूंच्या फळीवरही दोन-तीन आहेत. न शिवता तसेच राहिलेले.

दुपारी ३.३०
लाइट आली. त्याच वेळी एक बाई आली. वय तीस-बत्तीस. एका वाडीवरून, काळीपिवळीने. दसरा झाला की ऊसतोडीला, कोयत्यावर निघायचं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल हातात पडलीय, त्यातूनच किराणा, औषधं, आणि हे कापड.

साडेतीन मीटर छापील पॉपलिन, ७० रुपये मीटर. एकाच नक्षीचं.

"चार झंपर. फुल बाहीचे. पाचट कापतंय हाताला."

पूर्ण बाहीच्या एका ब्लाउजला मीटरभर लागतं. चार वेगवेगळे तुकडे घेतले असते तर चार मीटर. एकत्र घेतलं तर एकाच्या मुंढ्याच्या खाचेत दुसऱ्याच्या बाहीचं टोक बसवता येतं आणि अर्धा मीटर वाचतो. ३५ रुपये. हे तिला कोणी शिकवलं असं काकूंनी विचारलं. ती म्हणाली, "दरसाल घेते की."

काकूंनी माप घेतलं. छाती ३४. उंची १४. बाही २०. मग म्हणाल्या, "हात वर कर. दोन्ही. मोळी उचलल्यासारखे."

तिने हात डोक्यावर नेले. अंगातला जुना ब्लाउज बगलेत ताणला गेला, शिवण उसवलेली दिसली, वरून दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने घातलेले टाके. काकूंनी टेप बगलेखालून परत फिरवला. मुंढा अर्धा इंच खाली घेतला. बगलेत तीन इंचांचा चौकोनी तुकडा घालायचा, म्हणजे हात वर गेला तरी ब्लाउज पोटावरून वर चढत नाही. ऊस तोडायचा वाकून, मोळी बांधायची वाकून, आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं. ब्लाउज दोन्हींत टिकायला पाहिजे. गावात लग्नासाठी शिवलेल्या ब्लाउजला हे मापच लागत नाही.

"वरनं शर्ट घालतीस ना?"

"मालकाचा जुना. त्याची कालर तेवढी काढून द्या."

"माया दोन इंच ठेवते आत. ढिला झाला तर दाबून घे, तंग झाला तर उसव."

"आन् आत खिसा. मोबाइल बसंल एवढा. चारीला."

काकूंनी वहीत लिहिलं. चार साधे, ४८०. बगलेचे तुकडे आणि खिसे, वरचे ४०. तिने २०० काढून दिले.

"बाकीचे?"

"आल्यावर."

"कवा येता?"

"कारखान्याचं धुराडं बंद झालं की. मार्च, नायतर एप्रिल."

काकूंनी वहीत तिच्या नावापुढे ३२० लिहिले आणि महिना लिहिला नाही. या वहीची पानं पाहिली तर आश्विनात लिहिलेल्या रकमा चैत्रात काट मारलेल्या दिसतात. काहींवर काट नाही. त्या पानांचं काय, असं मी विचारलं तर काकूंनी पान उलटलं.

संध्याकाळी ५.२०
शाळेतले एक गुरुजी सायकल लावून आत आले. त्यांना स्वतःची पँट आवळून पाहिजे होती, ३० रुपये. गणवेशाचा विषय निघाला. २०२४ साली सरकारी शाळांच्या गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांच्या बायकांकडे गेली होती. एका गणवेशाला शिलाईचे १०० रुपये, वरखर्चाला १०. पुढच्या वर्षी काम परत शाळांच्या समित्यांकडे आलं. तोवर इथल्या दोन-चार जणींनी मशीन तेल घालून तयार केल्या होत्या.

गुरुजी पोरांचं माप कसं घेतात ते काकूंना ठाऊक आहे. इयत्तेवरून. पाचवीतली दोन पोरं शेजारी उभी केली तर एकाला ५८ पन्ह्याचं सव्वा मीटर शर्टिंग उरतं आणि दुसऱ्याला पुरत नाही. "पोरगं मोजा, वर्ग मोजू नका," काकू म्हणाल्या. गुरुजी हसले, ३० रुपये दिले, गेले.

संध्याकाळी ७.१०
मंडळाच्या देवीची आरती सुरू झाली. कर्णा नेमका दुकानाकडे तोंड करून. मुलगी हूक लावता लावता आरती म्हणत होती, काकू मशीन चालवत होत्या. त्यांचा वेग कमी झाला नाही. सकाळपासूनचे अस्तराचे चार झाले, पाचवा मशीनवर. फ्रॉकवाल्या बाईने साडी पाठवली. काठ खरंच चांगला निघाला.

साडेसातला मुलीचा हिशेब. पाच ब्लाउजचे ७५. तिने खाली पडलेल्या चिंध्या गोळा करून पोत्यात भरल्या. बोटापेक्षा लांब त्या एका पोत्यात, आखूड दुसऱ्यात. लांब चिंध्या आणि तुकडे वाकळीला जातात. एक बाई येऊन नेते, बदल्यात काकूंना दरसाल एक वाकळ. आखूड चिंध्या गॅरेजवाला नेतो, हात पुसायला. त्याचे पैसे नाहीत. तो सायकलला हवा भरून देतो.

रात्री ८.४५
शटर अर्धं खाली. काकू दिवसा शिवतात आणि रात्री कापतात. दिवसा कापायला घेतलं की कोणीतरी येतं, बोलतं, आणि बाही उलटी कापली जाते. उलटी बाही जोडता येत नाही. दुसरी विकत घ्यावी लागते.

छापील पॉपलिन टेबलावर पसरलं. साडेतीन मीटर, १३६ इंच धरायचे. काकूंनी आधी मोजलं. १३७ भरलं. "इंचभर दिलं दुकानदाराने," म्हणाल्या आणि खुश झाल्या. आठ बाह्या आधी मांडल्या, कारण त्याच सगळ्यात मोठ्या. एकीचं रुंद तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. मग चार पाठी. मग पुढचे भाग, मुंढ्याच्या खाचांना खेटून. खडूच्या रेघा इतक्या जवळ की दोन तुकड्यांच्या मध्ये कात्री एकदाच फिरते. नक्षीत फुलं वर-खाली दोन्हीकडे तोंड करून आहेत, म्हणून हे चाललं. एकाच दिशेची असती तर आठपैकी चार बाह्यांवरची फुलं खाली डोकं वर पाय आली असती आणि सगळं गणित मोडून आणखी अर्धा मीटर लागला असता. बाईने कापड निवडताना तेही पाहिलं असणार.

पंधरा मिनिटं काकू कापत नव्हत्या, नुसत्या तुकडे सरकवत होत्या. कापायला त्याहून कमी वेळ लागला.

मग गल्ला मोजला. हातात आलेले ९१०. यातले मुलीचे ७५ गेले. एक डझन रिळं आणि हुकांचं पाकीट ११०. चहा दुपारी दोन वेळा, २०. वहीत चढलेले ६४०. अस्तर सकाळी भिजलं ते कालच्या पैशांतलं.

रात्री ९.२०
बगलेचे आठ चौकोन निघाले. खिसे राहिले होते. काकूंनी टेप काढून स्वतःच्या मोबाइलवर लावला. साडेसहा बाय तीन. माया धरून सात बाय चार. उरलेली पट्टी टेबलावर ओढली. तिच्यात तीन तुकडे बसले, चौथ्याला इंचभर कमी. त्यांनी तुकडे काढून पट्टी आडवी फिरवली, परत मांडले. तीनच. मग फळीवरचा ओटीतला एक हिरवा ब्लाउजपीस ओढला, त्याच्या कोपऱ्यातून चौथा कापला आणि चारही खिसे दोऱ्याने एकत्र बांधून ठेवले.

"आत लागणार हाय," म्हणाल्या. "कोण बघतंय रंग."